तेरा पॉइंट दोन

माझं हिमोग्लोबिन तेरा पॉइंट दोन असतं. असतं म्हणजे असायचं. एकोणीस वर्षं मी एकाच लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आहे आणि तेवढ्या वर्षांत माझा हा आकडा कधी हलला नाही. कुणी घराण्याचा अभिमान बाळगतं, कुणी केसांचा. माझ्याकडे मिरवायला दुसरं काही नव्हतं, तर मी आकडा मिरवायचे.

आमची लॅब पहिल्या मजल्यावर आहे, खाली चष्म्याचं दुकान. पुढच्या खोलीत पेशंटसाठी बाक, मागच्या खोलीत रक्त तपासायचं यंत्र, सूक्ष्मदर्शक, फ्रिज आणि मी. डॉक्टर संध्याकाळी येतात, स्लाइड बघतात, रिपोर्टवर सह्या करतात आणि जाताना दिवा घालवायला विसरतात. दिवसभर राज्य माझंच. घरी दादा, वहिनी आणि त्यांची मुलगी. भाची मला टोचेआत्या म्हणते. तिचं ऐकून वहिनीही टोचे म्हणायला लागली, पण ते बऱ्या मूडमध्ये असेल तेव्हा. डोकं फिरलं की एकदम 'वन्सं' आणि 'तुम्ही'.

आता मी अकलेचे काय तारे तोडले ते सांगते. यंत्र खरं बोलतंय की नाही हे रोज सकाळी पडताळावं लागतं. त्यासाठी कंपनीकडून छोट्या बाटलीत रक्त येतं, बाटलीवर आकडा छापलेला असतो. यंत्राने तोच आकडा दाखवला की कामाला लागायचं. एकदा फ्रिज बंद पडला आणि सगळ्या बाटल्या नासल्या. नव्या येईपर्यंत काय करायचं, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, मी आहे की! माझं तेरा पॉइंट दोन म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर चालवून घ्या. बाटल्या आज येतील, उद्या येतील, करता करता चार महिने उलटले. रोज सकाळी मी स्वतःच्या दंडाला पट्टा बांधायचे, दातांनी ओढून घट्ट करायचे आणि यंत्राला माझं रक्त पाजायचे.

तिसऱ्या आठवड्यात यंत्राने बारा पॉइंट आठ दाखवलं. मला यंत्राचा राग आला. त्याच्या आत एक गुणक असतो. आकडा कमी येत असेल तर गुणक किंचित वाढवायचा, म्हणजे आकडा जागेवर येतो. मी वाढवला. पुढच्या सोमवारी पुन्हा कमी, मी पुन्हा वाढवला. यंत्र म्हातारं झालंय, असं मी येईल त्याला सांगत सुटले. रिपोर्टवर एका आकड्यापुढे बारीकशी चांदणी छापून यायला लागली. ती यंत्राची बोंब होती, की बाई, हे गणित जुळत नाही. मी म्हटलं, प्रिंटरचं खूळ आहे, आणि डॉक्टरांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

याच चार महिन्यांत मी बर्फ खायला लागले. फ्रिजच्या वरच्या कप्प्यातला, दिवसभर, कडाकडा. झाडायला येणारी बाई म्हणायची, "ताई, दातांना जरा उसंत द्या." टेबलाखाली पाय स्वस्थ बसेनात. जिना चढताना वळणावर थांबून मी पर्समध्ये किल्ली शोधल्याचं सोंग करायचे. पाळी महिन्यातले दहा-दहा दिवस चालायची, म्हटलं, वयाचं आहे. चिडचिड माझी जन्माचीच, त्यामुळे तिच्यात भर पडलेली कुणाला कळली नाही. यातली एकेक गोष्ट मी शिकाऊ मुलींना रक्तातल्या लोहाच्या कमतरतेची लक्षणं म्हणून घडाघडा सांगत आले आहे.

माझ्यापुरतं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण मध्ये वहिनी आली.

वहिनी शाळेची बस चालवते. बत्तीस मुलं, सकाळची एक फेरी, दुपारची एक. बाटल्यांची वाट बघता बघता दोन महिने झाले, तेव्हा तिची कुरकुर सुरू झाली. दम लागतो, जीभ झोंबते, हातातून कप निसटतो. एकदा म्हणाली, "चालताना पायाखाली गादी अंथरल्यासारखं वाटतं गं." मी म्हटलं, "नशीबवान आहेस, आम्हाला फरशी लागते." दादा खो खो हसला. तिला महिनाभर रजा हवी होती. दादा म्हणाला, टोचेला रक्त बघू दे, मग ठरवू.

मी सकाळी घरीच तिचं रक्त घेतलं आणि लॅबमध्ये नेऊन लावलं. घरचंच म्हणून नोंद नाही, छापील कागद नाही, डॉक्टरांना दाखवणं नाही. पडद्यावर एका आकड्याकडे बघितलं. बारा पॉइंट एक. झालं. रात्री जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं, "रक्त ठणठणीत आहे. कामाचा कंटाळा कुठल्या तपासणीत दिसत नाही बाई." वहिनी ताट उचलून म्हणाली, "बरं, वन्सं." दुसऱ्या दिवसापासून ती निमूटपणे बस घेऊन जायला लागली आणि माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागली. मला वाटलं, चोरी पकडली म्हणून फुगली आहे.

आणि दोन महिन्यांनी एके दिवशी नव्या बाटल्या आल्या. दुपारचे दोन वाजले होते, बाक रिकामा होता. बाटलीवर छापलं होतं बारा पॉइंट पाच. यंत्र म्हणालं सोळा पॉइंट तीन. मी म्हटलं, बाटली खराब. दुसरी फोडली. सोळा पॉइंट तीन. तिसरी नुसती फोडायची म्हणून फोडली, कारण तोपर्यंत मला सगळं कळून चुकलं होतं. बाटलीला पाठीमागून कुणी गुणक लावला नव्हता. मी लावला होता, यंत्राला, दर सोमवारी, माझं रक्त ओसरत होतं तसतसा.

कागदावर भागाकार केला. माझं आजचं तेरा पॉइंट दोन म्हणजे खरं तर दहाच्या आसपास. विश्वास बसेना म्हणून माझ्याच रक्ताची स्लाइड केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. लाल पेशीच्या मधोमध थोडीशी फिकट जागा असते. माझ्या पेशी बारक्या, आणि त्यांच्या नुसत्या कडा उरलेल्या, बांगड्यांसारख्या. दुसऱ्या कुणाची स्लाइड असती तर मी एका नजरेत सांगितलं असतं. रोज सकाळी ते रक्त माझ्याच हातात होतं.

मग वहिनी आठवली. मी यंत्राच्या साठवणीत मागे मागे गेले. तारीख सापडली, सकाळी माझ्या रक्तानंतरचं पहिलं सॅम्पल. हिमोग्लोबिन बारा पॉइंट एक, म्हणजे खरं दहा असेल नसेल. पण माझे डोळे त्याच्या खालच्या ओळीवर खिळले. पेशींचा सरासरी आकार. तो ऐंशी ते शंभर असावा लागतो, आणि माझा गुणक त्याला शिवत नाही, तो आकडा खराच होता. एकशे एकोणीस. दोन महिन्यांपूर्वी तो त्याच पडद्यावर होता आणि मी तिकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं.

माझ्यासारख्या लोह कमी पडलेल्या माणसाच्या पेशी लहान होतात. वहिनीच्या फुगल्या होत्या. पेशी अशा फुगतात त्याचं पहिलं कारण आम्हाला पाठ असतं, बी-बारा जीवनसत्त्व. ते नुसतं रक्तासाठी लागत नाही, मज्जातंतूंनाही लागतं. ते संपलं की पाय बधिर होत जातात, माणसाला आपलं पाऊल कुठे आहे तेच कळत नाही. गादीवर चालल्यासारखं वाटतं, असं पेशंट सांगतात. पुस्तकात अगदी याच शब्दांत लिहिलेलं आहे. आणि आमची पेशंट त्या पायांनी ब्रेक दाबत होती.

तीन वाजायला पाच मिनिटं होती. शाळेची बस साडेतीनला सुटते. वहिनीला फोन लावला, उचलला नाही. बस चालवायच्या वेळेला ती फोन पेटीत ठेवते. शाळेचा फोन लागेना. दादाला लावला.

"वहिनीला गाडी चालवू देऊ नकोस," मी म्हटलं.

"आता हे काय नवीन?" दादा म्हणाला. "तूच म्हणालीस ना ठणठणीत आहे म्हणून? मी ऑफिसात आहे गं, संध्याकाळी बोलू."

त्याला समजावत बसायला वेळ नव्हता. लॅबला कुलूप घातलं आणि निघाले. शाळा चालत वीस मिनिटांवर. मी धावायला गेले आणि पन्नास पावलांत छाती भरून आली. कानात ठोके. एका खांबाला धरून उभी राहिले, परत धावले, परत एका दुकानाच्या पायरीवर बसले. दुकानदार पाणी देऊ का म्हणाला, तर मी त्याच्यावरच खेकसले. आयुष्यात इतकी लाज आणि इतका राग मला एकदम कधी आला नव्हता, आणि दोन्ही घेऊन धावण्याइतकं रक्त अंगात नव्हतं.

फाटकातून आत शिरले तेव्हा मुलं बसमध्ये चढत होती. वहिनी चालकाच्या जागेवर बसलेली. पायात चप्पल नाही. मान खाली घालून ती स्वतःच्या पायांकडे बघत होती. मी दारातली कांब धरून धापा टाकत उभी राहिले.

"कोण गेलं?" वहिनीने घाबरून विचारलं.

"कुणी नाही. खाली उतर. तुझा रिपोर्ट चुकला होता. मी चुकवला. यंत्राचं नाव सांगणार होते, पण मीच चुकले. तुझ्या पायांना खरंच काहीतरी झालंय."

पुढच्या सीटवरची दोन मुलं आमच्याकडे तोंड वासून बघत होती. वहिनी हलली नाही.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तासाभरापूर्वी."

"मला दोन महिन्यांपूर्वी," ती म्हणाली.

"चप्पल का काढलीस?"

"घातली तर पाय कुठे टेकलाय तेच समजत नाही. अनवाणी थोडं तरी समजतं. बाकी बघून दाबते. एक डोळा रस्त्यावर, एक पायांवर. चाळीसच्या वर नेत नाही. मंगळवारी फुटपाथवर चाक चढलं, मुलांना वाटलं मी मुद्दाम गंमत केली."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. सगळ्यांसमोर बोलले होते," वहिनी म्हणाली. तिने किल्ली काढली, मुलांना एकेक करून खाली उतरवलं, मुख्य बाईंच्या खोलीत गेली आणि सांगितलं की माझ्या पायांचा भरवसा नाही, मुलांच्या घरी फोन करा. माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी तिची स्लाइड बघितली, तिला डोळे मिटायला लावून उभं केलं तर ती कलली, मी पकडलं. आठवड्याने बाकीच्या तपासण्यांचे रिपोर्ट आले तेव्हा त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. तोवर दादाने लोहाच्या टॉनिकची मोठी बाटली आणली होती. डॉक्टर म्हणाले, "ही बाटली तुमच्या बहिणीला द्या, बायकोला नको. दोघींचं रक्त कमी आहे, पण दोन्ही आजार वेगळे. बहिणीचं रक्त पाळीवाटे वाहून जातंय, लोह पुरत नाही. बायकोचं जठर बी-बारा उचलतच नाही, कितीही खाल्लं तरी. यांना सुया लागतील, जन्मभर." अशक्तपणा आला की बीट खा, खजूर खा, टॉनिक घे, एवढंच आमच्या घराला ठाऊक होतं. मीही त्याच घरातली.

"पाय सुधारतील ना?" मी विचारलं.

"मज्जातंतू सावकाश भरून येतात. कधी पूर्ण, कधी नाही. लवकर आलं असतं तर..." डॉक्टरांनी वाक्य तिथेच सोडलं, कारण समोर मी होते.

पुढचे पंधरा दिवस मी आणि डॉक्टर चारशे सहा लोकांना फोन करत होतो. तुमचा रिपोर्ट चुकला, पुन्हा या. लोक आले, काही शिव्या घालून गेले, बरोबर होतं त्यांचं. त्या पंधरा दिवसांत मी जितक्या स्लाइड डोळे फाडून बघितल्या तितक्या एकोणीस वर्षांत बघितल्या नव्हत्या. कॉलेजातली एक मुलगी, पेशी माझ्यासारख्याच बारक्या, पण लोह भरपूर. तिला त्या आईकडून जन्मतःच मिळाल्या होत्या, तिला टॉनिक पाजून काही होणार नव्हतं. एक रखवालदार, पेशी आकाराने अगदी बरोबर, फक्त थोड्या. मूत्रपिंडं थकली की रक्त बनवा म्हणून सांगणारं अंगात कुणी उरत नाही. एका शिंप्याच्या डोळ्यांत पिवळसर झाक, त्याच्या पेशी बनत होत्या पण टिकत नव्हत्या, लवकर फुटत होत्या. आकडा सगळ्यांचा जवळजवळ सारखा, नऊ-साडेनऊ. मी आजवर लोकांना आकडा सांगून मोकळी होत आले होते. रात्री पाठ टेकली की ती चारशे सहा माणसं डोळ्यांसमोर यायची, आणि सगळ्यांच्या पुढे वहिनी.

वहिनीच्या सुया सुरू झाल्या. तीन आठवड्यांत जीभ बरी झाली, दम लागायचा थांबला, चेहऱ्यावर रंग आला. माझ्या गोळ्या सुरू झाल्या, बर्फ सुटला. पायांचं मात्र काही पुढे सरकेना. डॉक्टरांनी मला एक तपासणी शिकवली. पेशंटला डोळे मिटायला लावायचे, कापसाची बारीक वात करून पाऊलभर ठिकठिकाणी हलकी टेकवायची आणि कळलं की सांग म्हणायचं. दर रविवारी वहीत लिहून ठेवायचं. पाचव्या रविवारी तिला घोट्याला कळलं. सातव्या रविवारी पावलाच्या वरच्या भागाला. अंगठ्याच्या रकान्यात मात्र मी दर रविवारी 'नाही' लिहीत गेले.

शाळेने बदली चालक ठेवला होता. दहाव्या आठवड्यात पत्र आलं, सोमवारी डॉक्टरांचा दाखला आणा, नाहीतर जागा त्याला देतो. ती वही बघूनच डॉक्टर दाखला देणार होते. अठरा वर्षं वहिनीने ती बस चालवली आहे. दुसरं कुठलंच काम तिला नको होतं, आणि रिकामी बसून ती घरातली कपाटं तीन-तीनदा लावत होती. रविवारी सकाळी दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "टोचे, आता तरी चांगला रिपोर्ट दे गं." मलाही चांगलाच रिपोर्ट हवा होता. तो मिळाला असता तर मी सुटले असते.

दुपारी वहिनी पलंगावर टेकून बसली. मी खाली स्टुलावर, तिचं उजवं पाऊल माझ्या मांडीवर. ब्रेकचा पाय.

"डोळे मीट."

तिने मिटले. घोट्याला कापूस टेकवला, "हो." पावलावर, "हो." जरा खाली, "हो." आवाजात हुशारी होती. मग अंगठा राहिला. कापूस वीतभर लांब धरून मी श्वास सोडत थांबले.

"हो," वहिनी म्हणाली. "कळलं. अंगठ्याला. लिही."

मी कापसाकडे बघितलं. मग तिच्या चेहऱ्याकडे. पापण्या घट्ट आवळलेल्या, ओठ आवळलेले.

"लिही ना," ती म्हणाली. "अगदी स्पष्ट कळलं."

पेन वहीवरच होतं. एक शब्द लिहायचा होता. माझ्या मनात आलं, लिहावं. तिने माझा एक खोटा रिपोर्ट दोन महिने अंगावर काढला, मी तिचा एक लिहिला तर काय बिघडलं? मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

"वहिनी, मी अजून लावलाच नाही."

तिने डोळे उघडले नाहीत. बाहेरच्या खोलीत भाची काहीतरी मोठ्यांदा पाठ करत होती.

"मग लाव," वहिनी म्हणाली.

मी कापूस तिच्या अंगठ्यावर टेकवला. थोडा फिरवला. नखाच्या कडेने, खालून, दोन बोटांच्या मधून. ती कान देऊन ऐकत असल्यासारखी मान कलती करून वाट बघत होती. मी कापूस तसाच धरून ठेवला.

"लावलास?" तिने विचारलं.

मी 'हो' म्हणाले आणि वहीत 'नाही' लिहिलं.